खिडकीताईंचे हेरपट

मंगळवारी सकाळी दूध गॅसवर होतं, लेकीचा एक मोजा सापडत नव्हता आणि न्हाणीघरातून नवरा विचारत होता, "टॉवेल आज परदेशी गेलाय का?" तेवढ्यात दारावर थाप पडली. बेल असताना थाप कोण मारतंय म्हणून मी हात पुसत दार उघडलं. वरच्या मजल्यावरच्या खिडकीताई उभ्या होत्या. केस नीट विंचरलेले, अंगात करडा स्वेटर, त्याची बटणं एक घर चुकलेली. मुठीत पेन ड्राइव्ह.

"तुझ्या टीव्हीला हे चालतं ना?" त्यांनी विचारलं. बघत होत्या माझ्या कानाकडे.

"चालतं की. या ना आत."

"आत्ता नको. तुझी गडबड ओसरली की येते. मला फक्त पहिली पंधरा मिनिटं बघायची आहेत." वळता वळता म्हणाल्या, "पंधरा नको, अठरा धर."

कठड्याला हात लावून, ओठ हलवत त्या जिना चढू लागल्या. पायऱ्या मोजत होत्या. मी आत धावले, पण दूध उतू गेलंच होतं. ओटा पुसता पुसता माझ्या ध्यानात आलं. गेल्या महिन्यात घराला रंग दिला तेव्हा आम्ही बेलचं बटण दाराच्या डावीकडून उजवीकडे घेतलं होतं. ताईंनी डावीकडे चाचपून पाहिलं असणार, आणि मग थाप मारली असणार.

खिडकीताई हे नाव त्यांना इमारतीतल्या मुलांनी ठेवलं आणि मोठ्यांनी उचललं. स्टेशनामागच्या थिएटरात त्या एकतीस वर्षं तिकिटाच्या खिडकीत बसल्या. त्या खिडकीला तळहाताएवढं अर्धगोल भोक होतं. त्यातून माणसांचे चेहरे दिसत नसत, नुसते हात दिसत. ताई हातांवरून माणूस ओळखायच्या. हा दोन तिकिटं घेतोय पण दुसरं माणूस येणार नाही, हेसुद्धा त्यांना म्हणे कळायचं. "घाम येतो गं बोटांना," त्या सांगायच्या, "आणि तिकिटं घेतल्यावर हात लगेच मागे जात नाही."

लग्न केलं नाही. आई होती तोवर आई होती. ती गेल्यावर दोन खोल्या, एक रेडिओ आणि लांबच्या शहरातली एक भाची उरली. भाची रविवारी फोन करते आणि तब्येतीचं विचारून मुलांच्या हातात फोन देते. मुलांना बोलायचं नसतं. ताई पलीकडून "हं, हं" करतात, तेही जिन्यापर्यंत ऐकू येतं.

थिएटरात हेरपट, म्हणजे हेरांचे सिनेमे, फार चालत. काळेपांढरे, टोपीवाले, धुक्यातल्या पुलांवर बॅगांची अदलाबदल करणारे. चित्रपट सुरू झाल्यावरही वीसेक मिनिटं उशिरा येणाऱ्यांसाठी खिडकी उघडी ठेवावी लागे. ती बंद करून ताई मागच्या दारानं आत शिरायच्या आणि शेवटच्या रांगेत बसून उरलेला खेळ बघायच्या. एकेक सिनेमा शे-दीडशे वेळा. पण एकाही सिनेमाची सुरुवात त्यांनी कधी पाहिली नव्हती. कोण कुणाच्या मागे लागलंय हे त्यांना पुढचं बघून मागचं जुळवावं लागे, आणि ते त्यांचं बहुतेक वेळा बरोबर निघे.

त्याच शेवटच्या रांगेत एक गृहस्थ दर शनिवारी एकटे येऊन बसत. त्यांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं आणि ते जन्मापासून आंधळे होते. आंधळा माणूस तिकीट काढून सिनेमाला का येतो, हे ताईंनी एकदा न राहवून विचारलं. ते म्हणाले, "आवाज चांगला आहे तुमच्या थेटरचा. पण मधे मधे सगळे गप्प बसतात, तेव्हा काय होतं ते कळत नाही." हेरपटात तर सगळे सारखे गप्प. त्या दिवसापासून ताई त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर बसून कुजबुजत सांगू लागल्या. खिडकी बंद झाल्यापासून पडदा पडेपर्यंत.

थिएटर बंद पडलं, तिथे आता फर्निचरचं दुकान आहे. रेडिओवाल्यांनी अंधांच्या ग्रंथालयात ताईंचं नाव सुचवलं. ग्रंथालयाच्या छोट्या हॉलमध्ये शनिवारी दुपारी जुने हेरपट दाखवायचे, मागे काचेच्या कोठीत ताईंनी माईकसमोर बसायचं, आणि पडद्यावरची माणसं गप्प झाली की काय दिसतंय ते सांगायचं. प्रेक्षकांच्या एका कानात ताई, दुसऱ्या कानात सिनेमा. हे गेली सहा वर्षं चाललं होतं. इमारतीत सगळ्यांना ते कौतुकाचं वाटे, पण जाऊन बसलं कुणीच नव्हतं. मीसुद्धा नाही.

अकराला ताई आल्या. मी चहा दिला, पेन ड्राइव्हवरचा येत्या शनिवारचा सिनेमा लावला आणि कपाटातल्या कपड्यांच्या घड्या करत बसले. पडद्यावर एक माणूस स्टेशनावर उतरला. ताई टीव्हीच्या शेजारच्या कुंडीकडे बघत होत्या. पाच मिनिटं झाली, दहा झाली, मान हलली नाही.

"ताई," मी म्हटलं, "तुम्हाला दिसत नाहीये."

त्यांनी कप बशीत ठेवायचा प्रयत्न केला. तो बशीच्या कडेवर टेकला, मी धरला.

"कडेकडेनं दिसतं," त्या म्हणाल्या. "मधोमध डाग आहे. जिकडे बघावं तिकडे तोच आधी जाऊन बसतो. तुझा कान बघितला तर तुझं तोंड जरा दिसतं." मग म्हणाल्या, "डॉक्टरांनी इंजेक्शनं दिली. आता ते म्हणतात, आहे तेवढं सांभाळा."

"केव्हापासून?"

"कळलं वर्षापूर्वी. पडदा दिसायचा बंद झाला दोन महिन्यांपूर्वी."

"मग शनिवारी कसं करता?"

"पाठ आहेत ना सगळे. आवाज आला की चित्र आपोआप येतं. फक्त सुरुवातींची पंचाईत. आधी कागदावर लिहून घ्यायचे, भिंगातून वाचायचे. आता अक्षरंही जातात. गेले दोन महिने सुरुवातीला घसा बसल्याचं सोंग करते. म्हणते, जरा पाणी पिते, तुम्ही ऐका. असं कितीदा करणार?"

"ग्रंथपालबाईंना सांगितलंत?"

"वेडी आहेस का? आंधळ्यांना सिनेमा दाखवायला आंधळी बाई कोण ठेवील?" त्या हसल्या. मग हसू आवरून म्हणाल्या, "माझा शनिवार जाईल गं. सोमवार ते शुक्रवार मी बोलते कुणाशी? भाजीवाल्याशी. तोही आता फोनवर घेतो ऑर्डर, आणि त्याची पोरगी बोलते. शनिवारी पंधरा माणसं माझं ऐकायला बसतात. तू कुणाला सांगू नकोस."

मी सांगणार नाही म्हटलं. ते योग्य होतं की नाही, यावर नवऱ्याचं आणि माझं अजूनही एकमत नाही.

मग मी पुन्हा सुरुवातीपासून लावलं आणि सांगायला बसले. मी पदवीपर्यंत शिकलेली, घरात सगळ्यांना कपाटातली वस्तू कुठे आहे ते न बघता सांगणारी. मला वाटलं, यात काय अवघड आहे?

"माणूस स्टेशनावर उतरला, घाबरलाय."

"घाबरलाय हे कुठे दिसलं तुला?"

"चेहऱ्यावर."

"चेहऱ्यावर काय?"

मी परत पाहिलं. "घाम आहे. आणि तो टोपी सारखी खाली ओढतोय."

"मग घाम सांग, टोपी सांग. घाबरायचं ते ऐकणारे बघून घेतील."

पुढे एक म्हातारा छत्री घेऊन बाकावर येऊन बसला. मी म्हटलं, "अहो, हा तर मघाचाच तिकीट तपासनीस. मिशी लावून आलाय."

"सिनेमानं सांगितलं का तसं?"

"नाही, पण दिसतंय ना."

"तुला दिसलं ते तुझ्यापाशी ठेव. म्हातारा आला, बाकावर बसला. हेराची चहाडी आपण करायची नाही. त्याला कुणी धरलं तर सिनेमानं धरावं."

तीन सकाळी आम्ही त्या अठरा मिनिटांत काढल्या. मी सांगायची, ताई डोळे मिटून तेच पुन्हा बोलायच्या, दोन संवादांच्या मधल्या फटीत वाक्य बसेपर्यंत त्यातले शब्द कमी करायच्या. "काळ्या रंगाची चामडी बॅग" याचं "काळी बॅग" झालं. शेवटी तीही गेली आणि नुसती "बॅग" उरली, कारण त्या फटीत तेवढंच मावत होतं. गुरुवारी मी त्यांच्या घरी गेले तेव्हा स्वयंपाकघरात डब्यांना रबरबँड लावलेले दिसले. साखरेला एक, मिठाला दोन, डिटर्जंटला तीन, शिवाय वर दोरी. टेबलाशी खुर्च्या दोन होत्या. एकीवरची गादी बसून बसून दबलेली, दुसरीवर इस्त्रीचे कपडे रचलेले. कुणी आलंच तर ते कपडे उचलायला वेळ लागला असता.

"आपण अख्खा सिनेमाच एकदा बघू या का?" मी जाताना विचारलं. "माझ्याकडे शुक्रवारची दुपार मोकळी आहे."

त्यांना ते लागलं. "पुढचं मला शिकवू नकोस. ह्या सिनेमाला खिडकी लवकर बंद करायचे मी. ग्रंथालयात पहिल्यांदाच लागतोय, पण थेटरात दोनशे वेळा पाहिलाय. कुठल्या पायरीवर त्याचा पाय घसरतो तेसुद्धा सांगते, विचार."

मी विचारलं नाही. शनिवारी मात्र सोबत गेले. ताईंनी ग्रंथपालबाईंना सांगितलं, "ही शेजारीण. तिला बघायचंय हे कसं चालतं." ग्रंथपालबाई घाईत होत्या, "बसा बसा" म्हणून निघून गेल्या.

काचेच्या कोठीत जेमतेम दोन स्टुलं मावत होती. आत उकडतं म्हणून तिचं दार उघडं ठेवत. हॉलमध्ये पंधरा-सोळा जण आपापल्या ठरलेल्या खुर्च्यांवर बसले, एका कानात इअरफोनची गोळी घातली, आणि पहिल्या रांगेतून रेडिओवाल्यांचा आवाज आला, "बाई, आज घसा बरा आहे ना?"

"आज सुरीसारखा आहे," ताई माईकवर म्हणाल्या. सगळे हसले. ताईंचा आवाज तिथे वेगळाच लागत होता. जिन्यात भेटणाऱ्या ताईंचा तो नव्हता. हा आवाज भरलेला होता, कुणाकडून काही मागत नव्हता.

अठरा मिनिटं लोण्यासारखी गेली. पुढचं तर काय, त्यांच्या हक्काचंच. डोळे मिटलेले, हनुवटी जरा वर. नायक हॉटेलात शिरला, खोलीतून फिल्म काढून घेतली, बाहेर पावलं वाजली, तो खोलीच्या मागच्या दारानं निसटला.

"तो जिना चढतोय," ताई म्हणाल्या. "हात कठड्यावर. एक पायरी निसटते. सावरतो."

मी पडद्याकडे पाहिलं. तो जिना चढत नव्हता. तो हॉटेलच्या तळघरात, कपडे धुवायच्या मोठ्या खोलीत होता. हंड्यांतून वाफ निघत होती, ओल्या चादरी टांगल्या होत्या आणि तो त्यांच्या आडून सरकत होता. हॉलभर पाणी उकळल्याचा आवाज भरला होता. ताईंच्या कपाळाला आठी पडली. पण त्या थांबल्या नाहीत. "गच्चीचं दार. तो खांद्यानं ढकलतो."

पहिल्या रांगेतून रेडिओवाले म्हणाले, "बाई, तुमचा हेर गच्चीवर पोचला आणि आमचा इथे उकळतोय. आम्ही कुणाबरोबर जायचं?"

हसू पसरलं. मग ते विरलं, कारण ताई बोलेनात. पडद्यावर वाफ, पाण्याचा खळखळाट, दूर कुठेतरी एक दार. मी त्यांच्या कानाशी वाकले, "धुलाईची खोली. चादरी टांगल्यात. तो मागे लपलाय."

"धुलाईची खोली," त्या म्हणाल्या. "टांगलेल्या चादरी. त्यामागे तो." आवाज अर्ध्यावर आला होता. उरलेला सिनेमा आम्ही तसाच काढला. मी कानात, त्या माईकवर, एकेक वाक्य उशिरानं. शेवटची गोळी आधी सुटली आणि बंदूक आम्ही नंतर काढली.

दिवे लागले तरी कुणी उठलं नाही. रेडिओवाले खुर्च्यांच्या पाठी धरत मागे आले, कोठीच्या दाराशी थांबले.

"तुम्ही आपल्या थेटरातला सिनेमा सांगत होतात," ते म्हणाले.

"हो," ताई म्हणाल्या.

"मालक कापायचे. पुढच्या खेळाला उशीर नको म्हणून."

"कापायचे हे ठाऊक होतं. काय कापलं ते कापल्यावर कुणाला दिसणार?"

"पण आज ते पडद्यावर होतं, आणि तुम्हाला दिसलं नाही." रेडिओवाले हळू बोलत होते. "तुमच्या कागदांची सळसळ दोन महिन्यांपूर्वी थांबली. आम्हाला वाटलं, आता पाठच झालं असेल."

ग्रंथपालबाई मागेच उभ्या होत्या. त्या रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर ताईंना बरं वाटलं असतं. त्यांनी ताईंचा हात धरला आणि सांगितलं की एक मुलगी आहे, हे काम शिकून आलेली, तिला पुढच्या शनिवारपासून बोलावू. "तुम्ही आता आमच्याकडे प्रेक्षक म्हणून या," त्या म्हणाल्या. "खुर्ची तुमचीच आहे."

ताई "बरं" म्हणाल्या. घरी येताना फूटपाथ संपला तिथे मी दंड धरायला गेले, तर त्यांनी हात सोडवून घेतला आणि पायानं कड शोधली.

तो आठवडा वाईट गेला. मी दार वाजवलं की आतून "झोपलेय" असं उत्तर यायचं, सकाळी दहालाही आणि दुपारी चारलाही. बुधवारी वरून काचेचं काहीतरी फुटल्याचा आवाज आला. मी धावत गेले. ताईंनी दार बोटभर उघडलं. "पेला होता," म्हणाल्या. "गोळा केलाय सगळा." बोटाला रुमाल गुंडाळलेला होता. मी आत येऊ का विचारलं. "कशाला? काय बघायचंय?" म्हणाल्या, आणि दार लागलं. त्यांचा रेडिओसुद्धा त्या आठवड्यात बंद होता. मला वरच्या शांततेची सवय नव्हती. कणीक मळताना हात मधेच थांबायचा.

रविवारी मात्र भाचीचा फोन आला असावा, कारण जिन्यात "हं, हं" ऐकू आलं. ताईंनी तिला काही सांगितलं नाही, एवढं त्या "हं" वरून मला कळलं. त्याच्या आदल्या दिवशीचा, म्हणजे शनिवारचा शो ताईंनी बुडवला होता. सहा वर्षांत पहिल्यांदा.

पुढच्या शनिवारी दुपारी एकला त्या खाली आल्या. स्वेटरची बटणं या वेळी बरोबर लावलेली, बोटाला रुमाल अजून तसाच.

"चलतेस?" त्यांनी विचारलं.

"चला."

हॉलमध्ये रेडिओवाल्यांनी आपल्या शेजारच्या खुर्चीवर पिशवी ठेवून ती अडवून धरली होती. पावलांवरून त्यांनी ताईंना ओळखलं. "मागच्या शनिवारीही धरून ठेवली होती," ते म्हणाले आणि पिशवी उचलली. ताई बसल्या. इअरफोनची गोळी कानात बसवायला त्यांना वेळ लागला, सहा वर्षांत ती कधी घालावी लागली नव्हती. उलटी घातली, काढली, पुन्हा घातली. मी मागच्या रांगेत बसले.

कोठीत नवी मुलगी होती. कोवळा, स्वच्छ आवाज. पहिल्या चौकटीपासून सांगू लागली. ताई मान ताठ ठेवून ऐकत होत्या. मधे एकदा मुलीनं घाईनं एका माणसाचं सोंग आधीच फोडलं, तेव्हा ताईंनी जिभेनं च्चक् केलं. रेडिओवाले कुजबुजले, "नवीन आहे, शिकेल."

"चांगलं सांगते," ताई म्हणाल्या. थोड्या वेळानं पुन्हा, "माझ्यापेक्षा कमी शब्दांत सांगते."

"कमी शब्दांत सांगते, पण सारखी सांगते," रेडिओवाले म्हणाले. "तुम्ही मधे थांबायचात. आम्हाला तेवढ्यात विचार करता यायचा, हा आता मरणार का."

ताई हसल्या नाहीत, पण बोटाचा रुमाल त्यांनी तेव्हा सोडला.

सिनेमा संपला, माणसं उठली. खुर्च्या सरकल्या, कुणी कुणाला हाक मारली, दार कुठल्या बाजूला आहे ते कुणाला सांगावं लागत नव्हतं. एकेक जण भिंतीला टेकलेली आपली पांढरी काठी अचूक उचलून निघाला. ताई मात्र बसूनच राहिल्या. सगळ्यांना न बघता वाट काढता येत होती आणि त्यांना येत नव्हती. मी उठून त्यांच्याकडे निघाले, मग थांबले. कारण त्यांनी शेजारी हात पुढे केला होता, रेडिओवाल्यांच्या बाहीपर्यंत तो पोचला नव्हता.

"निघाला नाहीत ना अजून?" त्यांनी विचारलं.

"नाही. बसलोय," रेडिओवाले म्हणाले.

"तुमचं दुकान मंगळवारी बंद असतं."

"असतं."

"मग मंगळवारी आमच्या रस्त्यावर याल का थोडा वेळ?" ताई म्हणाल्या. "मला काठी धरायला शिकवा."